मुलांचा फुटबॉल आणि घराचा रविवार

पनवेलच्या बाजारपेठेतील व्यापारी घरांचा रविवार पूर्वी ठरलेला असे. सकाळी देरासर किंवा मंदिर, मुलांची पाठशाळा, अर्धा दिवस उघडे ठेवलेले दुकान आणि दुपारी सर्वांचे एकत्र भोजन. आता काही घरांत शनिवारी रात्रीच एक पिशवी भरून दाराशी ठेवलेली असते. तीत बूट, पायमोजे, नडगीवर बांधायचे शिनगार्ड, दोन रंगांच्या जर्सी, उकळलेल्या पाण्याची बाटली आणि थेपल्यांचा डबा असतो. उजाडण्यापूर्वी बारा-तेरा वर्षांचा मुलगा वडिलांसह किंवा काकांसह हार्बरच्या फलाटावर उभा राहतो. क्वचित एखादी मुलगीही दिसते. सामना कधी बोरिवलीला, कधी वांद्र्याला, तर कधी थेट कूपरेजला असतो.

मुलांनी मैदानावर जावे, याविषयी समाजात आज फारसे दुमत उरलेले नाही. मोबाइलच्या पडद्यासमोर वाकून बसलेल्या नातवापेक्षा गुडघे खरचटून घरी येणारा नातू आजोबांनाही बरा वाटतो. ज्या प्रश्नाची चर्चा फारशी होत नाही तो वेगळाच आहे. मूल खेळते किती आणि प्रवास करते किती? आणि हा प्रवास खेळाची गरज म्हणून घडतो, की खेळ चालविणाऱ्यांनी आखलेल्या रेषांमुळे?

व्यापारी माणसाला हिशेब मांडून पाहण्याची सवय असते, तेव्हा हाही मांडून पाहावा. पनवेल ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हा लोहमार्ग सुमारे ४९ किलोमीटरचा. हार्बरच्या लोकलला साधारण ऐंशी मिनिटे लागतात, पुढे कूपरेजपर्यंतची वाट वेगळी. बोरिवलीला जायचे तर पश्चिम रेल्वेची गाडी बदलणे आले. सामन्याच्या तासभर आधी हजर राहावे लागते. एखाद्या लहान वयोगटाचा सामना साठ मिनिटांचा धरला आणि संघात अठरा मुले असली, तर प्रत्येकाच्या वाट्याला पूर्ण वेळ येत नाही. बदली खेळाडूला वीस मिनिटे मिळाली तरी तो खूश असतो. घर सोडल्यापासून परत येईपर्यंत सहा-सात तास जातात. मोटारीने गेल्यास १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झालेला २१.८ किलोमीटरचा अटल सेतू वेळ वाचवतो, पण एका बाजूचा पथकर २५० रुपये आहे. शिवाय वडिलांचा दिवस जातो तो जातोच. दुकानातील गिऱ्हाईक, घरी थांबलेली धाकटी बहीण, आईची दिवसभराची घालमेल या बाबी कोणत्याही पावतीवर येत नाहीत.

खारघर आणि बेलापूर यांच्यामधली रेषा

पनवेल हे कोकणाचे प्रवेशद्वार मानले जाते. येथील नगरपालिका १८५२ मधील, म्हणजे राज्यातील अगदी जुन्यांपैकी. १ ऑक्टोबर २०१६ रोजी तिची महानगरपालिका झाली. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग शेजारच्या कळंबोलीपासून सुरू होतो, कोकण रेल्वेच्या गाड्या येथे थांबतात आणि विमानतळही आता उंबरठ्यावर आला आहे. ज्या गावावरून साऱ्यांचे रस्ते जातात, त्याच गावातील मुलांना फुटबॉल खेळण्यासाठी गाव सोडावे लागते, ही गंमत लक्षात घेण्याजोगी आहे.

फुटबॉलचा कारभार जिल्ह्यांच्या पायावर उभा आहे. राज्याची संघटना वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, म्हणजे ‘विफा’, ही १९११ मधील संस्था. तिच्या छत्राखाली जिल्हा संघटना येतात आणि सर्वांच्या वर अखिल भारतीय फुटबॉल महासंघ असतो. लोकलने बेलापूर सोडून खारघरला पोहोचले की प्रवाशाला काहीच बदललेले जाणवत नाही. तेच सिडकोचे नियोजन, त्याच इमारती, तीच शहरी वस्ती. कागदावर मात्र बेलापूर ठाणे जिल्ह्यात आणि खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल रायगड जिल्ह्यात. नेरूळच्या मुलाचा जिल्हा वेगळा आणि त्याच शाळेत, त्याच बाकावर बसणाऱ्या पनवेलच्या मुलाचा वेगळा. रायगडचे मुख्यालय अलिबाग, जेथे आजही प्रवासी रेल्वे जात नाही.

त्यामुळे महत्त्वाकांक्षी पालकांची नजर मुंबईकडे वळते, आणि त्यात नवल नाही. या राज्यातील फुटबॉलचा गुरुत्वमध्य शंभर वर्षांहून अधिक काळ दक्षिण मुंबईत राहिला आहे. रोव्हर्स चषकाची परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तेथेच सुरू झाली. मफतलाल, ऑर्के मिल्स अशा कापड उद्योगांचे संघ एकेकाळी तेथे खेळत, हे कापडाच्या व्यापारातील जुन्या मंडळींना आठवत असेल. वांद्र्याच्या ज्या मैदानावर आज लहान मुलांचे सामने होतात, त्याला नेव्हिल डिसोझा यांचे नाव आहे. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारे हे मुंबईकर ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट्ट्रिक नोंदविणारे पहिले आशियाई खेळाडू ठरले. मुलांना तेथे नेताना एवढे तरी त्यांना सांगावे. प्रवासाला थोडा अर्थ येतो.

परंतु मुंबईच्या लीगमध्ये खेळले म्हणजे सर्व दारे उघडली, असेही नसते. मुलांसमोर आज एकाच वेळी चार-पाच वेगवेगळ्या शिड्या उभ्या असतात आणि त्या एकमेकींना टेकलेल्या नसतात. जिल्हा संघटनेच्या मान्यतेने चालणाऱ्या लीग ही एक. शालेय स्पर्धा ही दुसरी. ती राज्याच्या क्रीडा व युवक सेवा संचालनालयामार्फत जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्यांनी चढते आणि तिच्यात मूल शाळेच्या नावाने खेळते, क्लबच्या नावाने नव्हे. १९६० पासून भरणाऱ्या सुब्रतो चषकाची दिल्लीची वाटही शाळेतूनच जाते. तिसरी शिडी महासंघाच्या युवा लीगची. तिच्यात भाग घेण्यासाठी अकादमीला महासंघाचे प्रमाणपत्र आणि ‘तारे’ मिळवावे लागतात. चौथी खासगी आयोजकांच्या लीगची. टर्फ भाड्याने घेऊन, प्रवेश शुल्क आकारून त्या चालतात. काही फार चांगल्या चालतात, वेळेवर सुरू होतात आणि पंचही नीट असतात. मात्र तेथील चषकाचा राज्य किंवा जिल्हा निवडीशी संबंध असतोच असे नाही.

व्यापाऱ्याला ही स्थिती ओळखीची वाटेल. एकाच मालाचे चार वितरक, प्रत्येकाचा इलाखा वेगळा, आणि प्रत्येक जण आपणच अधिकृत असल्याचे सांगतो. दुकानात माल घेताना अधिकृतपणाचा कागद मागितला जातो. मुलाचा अर्ज भरताना तो मागण्याचा संकोच का वाटावा, हे समजत नाही.

सहीचे मोल

सर्वांत कमी वाचला जाणारा कागद म्हणजे नोंदणीचा अर्ज. महासंघाच्या केंद्रीय नोंदणी प्रणालीत खेळाडूची नोंद होते आणि त्याला क्रमांक मिळतो. जागतिक संघटना फिफाच्या नियमानुसार खेळाडू एका वेळी एकाच क्लबकडे नोंदलेला असतो. हंगामाच्या मध्यावर क्लब बदलणे म्हणजे शिकवणी बदलण्याइतके सोपे नव्हे. तेथे हस्तांतर आणि जुन्या क्लबची संमती हे विषय येतात. प्रशिक्षकाशी खटका उडाला, संघात जागा मिळेना, किंवा शेजारच्या अकादमीने बोलावले, आणि मग पालकांना कळते की मागील वर्षी घाईत केलेली सही अजून जिवंत आहे.

क्लब अशा नोंदणीला इतके का जपतात, यामागे आर्थिक कारणही आहे. फिफाच्या नियमांत एक तरतूद अशी आहे की एखादा व्यावसायिक खेळाडू पुढे करार चालू असताना आंतरराष्ट्रीय हस्तांतरातून दुसऱ्या क्लबकडे गेला, तर त्या रकमेतील ५ टक्के वाटा त्याला १२ ते २३ या वयात घडविणाऱ्या क्लबांमध्ये विभागला जातो. पनवेलच्या शंभर मुलांपैकी एकही तेथवर पोहोचेल की नाही कोण जाणे. तरी बाराव्या वर्षापासूनची नोंद हा भविष्यातील एक दावा असतो आणि दावा कोणी सहज सोडत नाही. यात गैर काही नाही, कारण ज्याने मूल घडविले त्याला फळ मिळावे हा विचार मुळात न्याय्य आहे. फक्त तो पालकांना आधी माहीत असावा.

वरच्या मजल्यावरील भांडणे खालच्या मजल्यावर गळतात, हेही पनवेलच्या शेजारीच दिसले. महासंघाच्या रखडलेल्या निवडणुकांमुळे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये प्रशासकीय समिती नेमली. ऑगस्टमध्ये फिफाने ‘बाहेरचा हस्तक्षेप’ या कारणावरून भारताला निलंबित केले. त्या वेळी सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भारतात होणार होता आणि त्याचा अंतिम सामना नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर ठरला होता. निलंबन २६ ऑगस्टला उठले आणि ३० ऑक्टोबर २०२२ रोजी स्पेनने कोलंबियाला १-० ने हरविलेला तो सामना येथेच झाला. त्या दहा-बारा दिवसांत देशातील मुलींच्या एका पिढीची संधी टांगणीला लागली होती. पुढे २०२५ मध्ये महासंघ आणि इंडियन सुपर लीग चालविणारी कंपनी यांच्यातील करार संपत आल्याने मोठ्यांची लीगही ठरल्या वेळी सुरू होऊ शकली नाही. मोठ्या क्लबांचा खर्च आखडला की कात्री बहुधा प्रथम मुलांच्या संघांवर चालते.

खासगी दौऱ्यांची गोष्ट याहून निराळी. दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत गोव्याला स्पर्धा, आणि थोडी ऐपत असेल तर युरोप. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे १९७५ पासून भरणारा गोथिया चषक ही जगातील नावाजलेली युवा स्पर्धा आहे आणि तेथे जाणे मुलांसाठी सुंदर अनुभव ठरू शकतो. परंतु ती खुली स्पर्धा आहे. क्लब नाव नोंदवतो, शुल्क भरतो आणि खेळतो. समाजाच्या मासिकांत अभिनंदनाच्या चौकटीत ‘भारतीय संघात निवड’ असे छापून येते तेव्हा पुष्कळदा ती निवड कुटुंबानेच केलेली असते. सहल म्हणून जावे, आनंदाने जावे, पण सहलीला निवड म्हणू नये. मुलाला खरे काय ते माहीत असते आणि चौकट वाचून तोच अवघडतो.

डबा, सूर्यास्त आणि पर्युषण

जैन कुटुंबांपुढे आणखी एक वेगळा प्रश्न असतो. स्पर्धेच्या ठिकाणी ‘शुद्ध शाकाहारी’ म्हणून मिळणाऱ्या पुलावात बटाटा आणि कांदा असतो. वडापावविषयी तर बोलायलाच नको. चौविहार पाळणाऱ्या घरातील मुलगा संध्याकाळी दिव्यांच्या प्रकाशात होणाऱ्या सामन्यानंतर उपाशी परततो. पावसाळ्यानंतर मैदाने वापरात येतात आणि शालेय स्पर्धांचा हंगामही त्याच सुमारास असतो. भाद्रपदातील पर्युषणाचे आठ दिवस किंवा दशलक्षणाचे दहा दिवस नेमके याच काळात येतात. अठ्ठाई करणारी आजी घरात आणि नातू बोरिवलीच्या गाडीत, अशी ओढाताण होते. मुलाने उपवास केला आणि त्याच दिवशी सामना असला, तर त्याला खेळविणे शरीराच्या दृष्टीनेही योग्य नव्हे.

यावर उपाय आहे आणि तो अवघडही नाही. पर्युषणाच्या तिथी पंचांगात आधीच दिलेल्या असतात. हंगामाचे शुल्क भरतानाच क्लबला त्या तारखा लेखी कळवाव्यात, संवत्सरीला आणि अनंत चतुर्दशीला मूल उपलब्ध नसेल हे सांगावे आणि रात्रीच्या सामन्यांविषयी विचारून ठेवावे. संघात चार-पाच जैन मुले असतील तर पालकांनी मिळून डबा करावा. खाकरा, मुगाचे पदार्थ, केळी, खजूर यांवर दोन सामने सहज निघतात. कळविले नाही आणि मग ऐनवेळी मुलाला बाकावर बसविले म्हणून रागावले, तर दोष केवळ प्रशिक्षकाचा राहत नाही.

जाता जाता वडीलधाऱ्यांच्या एका शंकेचे उत्तरही येथेच द्यावे. चेंडू कातड्याचा असतो का? आजचे सामन्यांचे चेंडू कृत्रिम पदार्थांचे असतात. विश्वचषकातही १९८६ पासून पूर्ण कृत्रिम चेंडू आला. बुटांबाबत मात्र सावध राहावे. काही महागड्या बुटांना कांगारूचे कातडे वापरले जात असे. नायके आणि प्यूमा या कंपन्यांनी २०२३ मध्ये ते थांबविण्याची घोषणा केली. खरेदी करताना ‘सिंथेटिक’ हा शब्द पाहून घेतला की पुरे.

जेथे प्रवास लागत नाही

फुटबॉल आणि प्रवास यांची सांगड अटळ आहे असे मानणाऱ्यांनी एकदा कोल्हापूर पाहावे. तेथील संघ तालमींचे आणि पेठांचे. पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार अशी तालमींची नावे आणि शिवाजी तरुण मंडळ किंवा प्रॅक्टिस क्लब. स्थानिक संघटनेची लीग शाहू स्टेडियमवर होते आणि खेळाडू घरून चालत किंवा दुचाकीवर येतो. तेथेही चुरस कधी हुल्लडबाजीपर्यंत जाते, ते गालबोट नाकारता येत नाही. पण तेथील मुलाला स्पर्धेचा खेळ मिळण्यासाठी गावाची वेस ओलांडावी लागत नाही. भारताने २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकात उतरविलेल्या संघातील अनिकेत जाधव याच कोल्हापूरचा. तो लहान वयातच पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत राहायला गेला. म्हणजे खरोखर वरच्या पातळीचे प्रशिक्षण हवे झाले तेव्हा गाव सोडले आणि एकदाच सोडले, दर रविवारी नव्हे.

याउलट अमेरिकेत स्थायिक झालेल्या नातेवाइकांना विचारले तर ते पनवेलचेच दुखणे मोठ्या प्रमाणात सांगतील. न्यू जर्सीत ‘ट्रॅव्हल सॉकर’ हा रूढ शब्द आहे. शेजारच्या राज्यांत जाऊन सामने, हॉटेलचे मुक्काम आणि एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या लीग. तेथील राष्ट्रीय संघटनेने २००७ मध्ये सुरू केलेली डेव्हलपमेंट अकादमी एप्रिल २०२० मध्ये बंद केली आणि तिच्या क्लबांसाठी दोन-तीन लीगांत ओढाताण सुरू झाली. पालक मात्र गाडी चालवीतच राहिले.

नॉर्वेने दुसरा मार्ग धरला. तेथील क्रीडा संघटनेने १९८७ मध्ये लहान मुलांच्या खेळासंबंधी नियम केले आणि २००७ मध्ये ते सुधारले. त्यांनुसार नवव्या वर्षापर्यंत स्पर्धा केवळ स्थानिक, गुणतक्ते आणि क्रमवारी अकराव्या वर्षापासून, अजिंक्यपद स्पर्धा तेराव्या वर्षापासून. एर्लिंग हालांड हा त्याच देशातील ब्रिन या लहानशा गावात, गावच्या क्लबात वाढला. लहानपणी दूर न गेल्यामुळे त्याचे काही बिघडले असे दिसत नाही.

पनवेल परिसरात साधनांची वानवा आहे असे म्हणता येणार नाही. सिडकोने खारघरला फुटबॉलसाठी केंद्र उभारले आहे. नेरूळचे स्टेडियम आणि घणसोलीची रिलायन्स फाउंडेशनची निवासी अकादमी शेजारीच आहेत. खांदेश्वर, कामोठे, नवीन पनवेल येथे तासावर भाड्याने मिळणारी टर्फ मैदाने आहेत. महासंघाने २०१८ मध्ये बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ‘गोल्डन बेबी लीग’ सुरू केली, तिची कल्पनाच अशी की लीग घरापासून जवळ असावी, संघ लहान असावेत, मुले-मुली एकत्र खेळावीत, आणि शाळा, क्लब किंवा पालकांचा गट यांपैकी कोणीही रीतसर परवानगी घेऊन ती चालवावी. एवढी सोय असताना बाराच्या आतील मुलांनाही मुंबईला नेण्याचा अट्टहास अनाकलनीय आहे. तेराच्या पुढे, खरोखर गुण दिसत असतील आणि मुलाला पूर्ण वेळ मैदानावर मिळत असेल, तर लोकलचा प्रवास सार्थकी लागू शकतो.

समाजाच्या युवक मंडळांना स्पर्धा भरविण्याचा अनुभव नाही असे कोण म्हणेल? महावीर जयंतीच्या सुमारास किंवा हिवाळ्यात टर्फ घेऊन क्रिकेटचे सामने होतात, प्रायोजक मिळतात, चषक वाटले जातात, नाश्त्याला जैन पदार्थ असतात. तीच मैदाने, तेच प्रायोजक आणि दर रविवारी सकाळचे दोन तास एवढ्यावर आठ लहान संघांची फुटबॉल लीग उभी राहू शकते. त्यात इतर समाजांतील मुलेही यावीत, नाहीतर ती लीग न राहता संमेलन होईल. मुलींना याचा लाभ अधिक. त्यांचे संघ थोडे, सामने विरळ, म्हणून त्यांना प्रवास जास्त करावा लागतो आणि तेराव्या-चौदाव्या वर्षी ‘आता पुरे’ हा शब्दही त्यांनाच आधी ऐकावा लागतो.

जिल्ह्याची रेषा पालकांना बदलता येणार नाही आणि महासंघाचे तंटेही त्यांच्या हातात नाहीत. हंगामाचे अर्ज शाळा सुरू होण्याच्या सुमारास भरले जातात. त्या वेळी लीग कोणाच्या मान्यतेची, गेल्या हंगामात प्रत्येक मुलाला सरासरी किती मिनिटे मिळाली, घरचे सामने किती आणि बाहेरचे किती, एवढे विचारले तरी पुष्कळ उलगडा होतो. खारघर स्थानकापासून पनवेल तीन थांब्यांवर आहे: मानसरोवर, खांदेश्वर, पनवेल. तेवढे अंतर बारा वर्षांची चार मुले मिळून, सोबत एखादा दादा असला तर, सकाळी सातला निघून पाठशाळेच्या वेळेपूर्वी पार करून येऊ शकतात.